बाजूले बस



आज दुपारी चिखलदऱ्याचा घाट चढताना इतकं धुकं होतं की गाडीचे दिवे लावावे लागले. पंचबोलच्या वळणाशी गाडी थांबवायला सांगून मी खाली उतरलो. लहानपणी आमच्या भजनाचे मास्तर आम्हाला तिथे घेऊन जायचे. आम्ही ओरडायचो आणि समोरच्या डोंगरांवरून आवाज परत यायचा. मग मास्तर म्हणायचे, "आता गप राहा, अन् आयका." गप राहिलं की आणखी काय काय ऐकू यायचं! खालच्या पाण्याचा आवाज, कुठल्या तरी पाड्यावरचा ढोल, झाडावरचं माकड.

मास्तरांनी मला पेटी शिकवली, असं लोक सांगतात. खरी गोष्ट वेगळी आहे. मास्तरांनी मला पेटीजवळ बसवलं. त्या काळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आपल्या जिल्ह्याच्या गावागावांत घुमत होती. महाराज १९६८ साली गेले, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. गुरुवारच्या भजनाला मास्तर मला डाव्या हाताला बसवायचे आणि एवढंच म्हणायचे, "पोरा, बाजूले बस. आयक. मंग वाजव." दोन वर्षं मी टाळ धरला. पेटीला बोट लावायला मिळालं तिसऱ्या वर्षी, आणि तेव्हा पाहतो तो काय, अर्ध्याहून अधिक भजनं बोटांना आधीच ठाऊक होती!

आजचं माझं सगळं भाषण मास्तरांच्या त्या दोन शब्दांवर आहे. 'बाजूले बस.'

विषय आहे सिम्फनी ऑर्केस्ट्राचा, आणि तो तरुण वादक कसा घडवतो याचा. पत्रिका वाचून काहींनी विचारलं, चिखलदऱ्यात याचं काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी टाळणार नाही, पण ते शेवटी देईन. आधी हे प्रकरण काय आहे ते नीट पाहू.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीत चौकात होणारा सिनेगीतांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. मी बोलतोय तो वाद्यवृंद निराळा. त्यात ऐंशी-नव्वद वादक असतात. पूर्ण भरलेल्या वृंदात साठ तर नुसते गजाने वाजणाऱ्या वाद्यांचेच. पहिली व्हायोलिनं १६, दुसरी १४, मग जरा मोठ्या अंगाचे व्हायोला १२, मांडीशी धरून वाजवायचे चेलो १० आणि उभं राहून वाजवायचे डबल बास ८. त्यांच्या मागे बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, बसून. त्यांच्या मागे हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन. आणि सगळ्यांत मागे नगाऱ्याच्या घराण्यातली टिम्पनी. सुरुवातीला ओबोवाला एकच स्वर लांबवतो आणि सगळे त्याला आपापलं वाद्य मिळवून घेतात. आपल्याकडे तंबोरा लावतात तसंच हे. फरक इतकाच की इथे नव्वद जण एकाकडे कान देऊन बसलेले असतात.

आता एक बारीक गोष्ट सांगतो. पुढच्या वेळी टीव्हीवर कधी असा कार्यक्रम दिसला तर मुद्दाम बघा. व्हायोलिनवाले दोघं दोघं बसतात आणि दोघांच्यात एकच स्टँड असतो. स्वरलिपीचा कागद एक, वाचणारे दोघं. बाहेरच्या अंगाला बसलेला वाजवत राहतो आणि आतल्या अंगाला बसलेला क्षणभर गज थांबवून पान उलटतो. सोळाच्या सोळा गज एकाच वेळी खाली येतात, एकाच वेळी वर जातात. एकाचा जरी उलटा गेला तरी सभागृहातल्या शेवटच्या खुर्चीवरून दिसतं.

काही वर्षांपूर्वी मुंबईत नरिमन पॉइंटला, एनसीपीए या कलासंस्थेच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये, मला अशा एका तालमीला बसायला मिळालं. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची तालीम होती. मी पहिल्या व्हायोलिनच्या बाजूला, भिंतीशी बसलो होतो. मागच्या रांगेतल्या एका स्टँडवर एक पिकल्या केसांचा परदेशी वादक होता आणि आतल्या अंगाला विशीतली एक भारतीय मुलगी. वृंदाचं संचालन करणारा कंडक्टर त्याच आठ-दहा मात्रांवर पुन्हा पुन्हा थांबत होता. पाचव्या-सहाव्या वेळी त्या म्हाताऱ्याने वाजवता वाजवता बाजूला नजर टाकली, स्टँडच्या कडेची पेन्सिल उचलली आणि एका स्वरावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण केली. म्हणजे इथे गज वर. मुलीने मान हलवली. पुढच्या वेळी तिचा गज त्याच्या गजाबरोबर गेला. दोघांत एकही शब्द झाला नव्हता. तालीम पुढे सरकली. त्या मुलीचा शिक्षक कोण, असं मला कुणी विचारलं तर मी काय सांगू? त्या क्षणी तिचा शिक्षक तिच्या कोपराला कोपर लावून बसला होता.

हा माझा पहिला मुद्दा. वादक घडतो तो शेजाराने.

कॉलेजात शिकवून वादक घडत नाही का? घडतो, अर्धा घडतो. बोटं तयार होतात, स्वर कळतो, परीक्षा पास होते. पण पुढच्या माणसाचा श्वास ऐकून आपला स्वर उचलायचा, शेजारी चुकला तर त्याला झाकून घ्यायचं, आपण चुकलो तर थांबायचं नाही, पुढच्या मात्रेला गाडी पकडायची, कंडक्टरचा हात आणि पुढच्या स्टँडवरचा गज दोन्हीकडे एकाच वेळी लक्ष ठेवायचं, हे सगळं पुस्तकात कुठे आहे? हे फक्त मुरलेल्या माणसाच्या बाजूला बसून येतं. जर्मनीत बर्लिन फिलहार्मनिकसारख्या जगातल्या अव्वल वाद्यवृंदालाही ही गरज भासली. १९७२ साली त्यांनी स्वतःची अकादमी काढली. शिक्षण पुरं झालेले तरुण तिथे येतात, वृंदातल्याच वादकांकडे शिकतात आणि त्यांच्याच शेजारी बसून खऱ्या मैफलींत वाजवतात. आज त्या वृंदात बसलेले कितीतरी वादक याच अकादमीतून आलेले आहेत.

आणि हे काही जर्मनीचंच नाही. आपल्या कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात. शाहिराच्या मागे झीलकरी असतो. तमाशात सुरत्ये असतात. झील धरणारा पोरगा दहा वर्षांनी शाहीर होतो. ही रीत आपल्या घरचीच आहे. फक्त शास्त्रीय संगीतात आपण एकट्या कलाकाराला इतकं मोठं केलं की समूहात बसून शिकण्याकडे कमी पाहिलं गेलं. अपवाद आहेत, आणि एक अपवाद फार मोठा आहे. मध्य प्रदेशात मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८ च्या सुमाराच्या साथीत अनाथ झालेली पोरं गोळा केली आणि त्यांचा वाद्यवृंद बांधला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नळतरंग नावाचं वाद्य केलं! ज्यांनी रविशंकर आणि अली अकबर खाँ घडवले, त्याच गुरूने मायबाप नसलेल्या मुलांना एका रांगेत बसवून वादक केलं. एकल वादकही घडवायचा आणि वृंदही उभा करायचा, हे एकाच माणसाला जमलं. मग आपल्याला का जमू नये?

मुंबईची गोष्ट घ्या. १९३५ साली मेहली मेहता नावाच्या पारशी तरुणाने बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मेहलींचं घर तालमींनी भरलेलं असे. त्या घरात १९३६ साली मुलगा झाला, झुबीन. सोळाव्या वर्षी तो तालमीत वृंदापुढे उभा राहू लागला होता. मधे दोन वर्षं सेंट झेवियर्समध्ये डॉक्टरकीच्या वाटेचं शिक्षण झालं. पण १९५४ साली, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला गेला. तिथे हान्स स्वारोव्स्कींकडे संचालन शिकला आणि बरोबरीने डबल बास वाजवायला शिकला. डबल बास म्हणजे वृंदात सगळ्यांत मागे, सगळ्यांत खाली गुरगुरणारं वाद्य. मला वाटतं, पुढे जगभरच्या वाद्यवृंदांना हाताच्या इशाऱ्यावर चालवणाऱ्या माणसाला त्या मागच्या रांगेतून पुष्कळ मिळालं असेल. १९५८ साली लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली, आणि पंचविसाव्या वर्षापर्यंत व्हिएन्ना, बर्लिन आणि इस्रायल या तिन्ही फिलहार्मनिकांचं संचालन करून झालं होतं. आपण म्हणतो, जन्मजात प्रतिभा. असेल. पण ती प्रतिभा जन्मली ती तालमीच्या खोलीच्या शेजारच्या खोलीत, हेही सांगितलं पाहिजे.

माझी दुसरी गोष्ट वयाची. इथे मला माझंच उदाहरण द्यावं लागेल. ते सांगताना आजही मन जड होतं.

व्हायोलिन माझ्या हाती आलं सतराव्या वर्षी, अमरावतीला कॉलेजात असताना. वेड्यासारखा रियाज केला. तेविसाव्या वर्षी मुंबई गाठली. ओळखीने एका रेकॉर्डिंग स्टुडिओत बसायला मिळालं. शेवटच्या स्टँडवर, आतल्या अंगाला. समोर कागद आला आणि माझे हातपाय गार पडले. मला राग येत होते, तान घेता येत होती, ऐकलेलं जसंच्या तसं वाजवता येत होतं. पण समोर लिहिलेलं पाहून, त्याच क्षणी, चाळीस जणांबरोबर वाजवता येत नव्हतं. शेजारी एक वयस्क गोवेकर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. हळूच म्हणाले, "आयक पुता, म्हज्याकडेन पळय." ऐक बाळा, माझ्याकडे बघ. दिवसभर मी त्यांचा गज पाहून गज ओढला, अगदी हलक्या हाताने, ऐकू येऊ नये इतक्या. त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मला कुणी बोलावलं नाही, आणि त्यात चूक कुणाचीच नव्हती. वय निघून गेलं होतं.

वऱ्हाडात मास्तर म्हणाले होते 'आयक', आणि मुंबईत ते गोवेकर म्हणाले 'आयक'. दोन मुलखांतल्या दोन माणसांच्या तोंडी एकच शब्द होता.

त्या गोवेकरांना स्वरलिपी वाचता कशी येत होती? लहानपणी गावच्या चर्चला जोडलेल्या शाळेत त्यांना मेस्त म्हणजे संगीताचा मास्तर भेटला होता. पोर्तुगीज काळापासून गोव्याच्या गावागावांत या शाळांतून पोरं स्वरलिपी वाचून गायला शिकत, व्हायोलिन धरायला शिकत. सात-आठ वर्षांच्या वयात, अक्षरओळखीबरोबर. त्यातूनच मुंबईच्या सिनेसंगीताला पिढ्यान्‌ पिढ्या वादक मिळाले. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड ही नावं रसिकांना ठाऊक असतील. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, जन्म १९२७. नौशादांच्या ताफ्यात व्हायोलिन वाजवायचे आणि घरी पोरांना शिकवायचे. १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम केला. भारतीय राग, पाश्चात्त्य वाद्यवृंद, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे! त्यांच्याकडे शिकलेला एक मुलगा म्हणजे प्यारेलाल शर्मा. तोच पुढे आपल्या लक्ष्मीकांत कुडाळकरांच्या जोडीने लक्ष्मीकांत-प्यारेलाल झाला. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त ज्या अँथनी गोन्साल्विसचं नाव देशभर दुमदुमलं, ते प्यारेलालजींनी आपल्या गुरूला वाहिलेलं फूल होतं. या सभागृहात ते गाणं न ऐकलेला माणूस नसेल. त्या नावामागचा शिक्षक मात्र किती जणांना ठाऊक आहे?

तर वय. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने हे ओळखलं. हा वृंद सुरू झाला २००६ साली. एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालीएव या दोघांनी तो उभा केला. सुरुवातीला भारतीय वादक मोजकेच होते, बाकी खुर्च्या परदेशी वादकांनी भरल्या. यावर टीका झाली आणि आजही होते. नाव भारताचं आणि वादक कझाकस्तानचे, हे कसं? मी स्वतः हा प्रश्न कितीतरी वर्षं विचारत होतो. २०१२ साली त्याचं उत्तर मिळायला लागलं. त्या वर्षी वृंदाने लहान मुलांसाठी आपली संगीत अकादमी काढली आणि तिथे शिकवायला बसवले ते वृंदातलेच वादक. संध्याकाळी जो मंचावर वाजवतो, तोच दुपारी सात वर्षांच्या मुलीचा अंगठा गजावर नीट ठेवून देतो. पद्धत रशियन वळणाची आहे. नुसतं वाद्य धरून भागत नाही. स्वर डोळ्यांनी वाचून गळ्याने गायचा, लय हाताने मोजायची, समूहगान करायचं, शास्त्र शिकायचं, आणि थोडं हात बसताच इतर मुलांबरोबर रांगेत बसायचं. त्या अकादमीतल्या मुलांनी पुढे मोठ्या वृंदाबरोबर मंचावर बसून वाजवलं आहे. परदेशी वादक इथे आला नसता तर त्या मुलांना शेजार कुणाचा मिळाला असता?

एनसीपीएबद्दल एक गोष्ट मराठी माणूस म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६९ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे आपले पु. ल. देशपांडे बरीच वर्षं मानद संचालक होते, आणि डॉ. अशोक दा. रानडे यांनीही तिथे काम केलं. ती जागा फक्त साहेबी सुरांची, हा समज त्यामुळे सोडून द्यावा.

वयाशी जोडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे वाद्यं. लहान मुलासाठी व्हायोलिन लहान येतं. पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. मूल वाढतं तसं वाद्य बदलत जायचं. सहा वर्षांच्या हाताला पूर्ण व्हायोलिन दिलं तर त्याचा खांदा दुखतो आणि महिन्याभरात वाद्य कोपऱ्यात पडतं. मला हे कळायला पन्नाशी उलटली. मी शिकवलेल्या पहिल्या मुलांना मोठी व्हायोलिनं धरायला लावली होती. ती मुलं सोडून गेली.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत निकडीची. ती म्हणजे भाकर.

कलेच्या व्यासपीठावर आपण पैशाबद्दल बोलायला संकोचतो. मी आज संकोचणार नाही. शेतकऱ्याच्या घरात पोरगा व्हायोलिन वाजवायला लागला की बाप पहिला प्रश्न विचारतो, "याच्यानं पोट भरते काय?" आणि तो प्रश्न योग्य आहे. त्याने नाही विचारायचा तर कुणी?

गोव्यातल्या त्या पोरांच्या बापांकडे याचं उत्तर होतं. मुंबईत स्टुडिओ होते. गाण्यामागे पन्नास-पन्नास, कधी शंभर वादक बसायचे. पैसे मिळायचे, खोली भाड्याने घेता यायची, गावी घर बांधता यायचं. म्हणून पोरं शिकली. पुढे ऐंशीच्या दशकाअखेर आणि नव्वदीत कळफलकाची वाद्ययंत्रं आली. एका पेटाऱ्यातून व्हायोलिनची अख्खी रांग ऐकू यायला लागली. स्टुडिओतल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. खुर्च्या गेल्या, मग शिकवण्या गेल्या, मग घरातलं व्हायोलिन माळ्यावर गेलं. हा क्रम लक्षात ठेवा. प्रतिभा आटली म्हणून वादक संपले नाहीत. जिथे बसून ती पिकायची ती खुर्ची उचलली गेली.

आकाशवाणीने १९५२ साली दिल्लीत वाद्यवृंद काढला आणि तो पंडित रविशंकरांकडे सोपवला, तेव्हा आपल्या सतार-सरोदवाल्यांना, बासरीवाल्यांना महिन्याच्या महिन्याला पगार देणारी समूहातली जागा मिळाली. ते काम किती मोठं होतं, हे आज कुणी सांगत नाही. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचंही मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. मोठ्या मैफली वर्षातून दोन हंगामांत होतात, पण वृंदाचा गाभा असलेले वादक वर्षभर मुंबईत राहतात आणि वाजवणं-शिकवणं हीच त्यांची नोकरी आहे. एखाद्या मुलीला आज सांगता येतं की तू शिकलीस तर या देशात तुझ्यासाठी एक खुर्ची आहे. एकच वृंद आहे, खुर्च्या थोड्या आहेत, हे खरं. पण शून्य आणि एक यांत फार मोठं अंतर असतं.

आणि ही खुर्ची टिकवावी लागते. मुंबईतून बाहेर पडलेले मेहली मेहता अमेरिकेत लॉस एंजेलिसला स्थिरावले. १९६४ साली त्यांनी तिथे अमेरिकन यूथ सिम्फनी उभी केली, तरुण वादकांना नोकरीच्या उंबरठ्यापर्यंत तयार करणारा वृंद. तेहतीस हंगाम त्यांनी तो स्वतः चालवला. नव्वदीला आले तेव्हा थांबले. त्यातून अमेरिकेतल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांना वादक मिळाले. तो वृंद २०२४ साली बंद पडला, पैशाअभावी. अमेरिकेत! जिथे संपत्तीला तोटा नाही तिथे. वृंद काही देवळासारखा नसतो, की एकदा बांधला आणि उभा राहिला. तो रोज स्वयंपाक करण्यासारखा असतो. चूल एक दिवस विझली की दुसऱ्या दिवशी पोरं उपाशी.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. चिखलदऱ्यात याचं काय काम?

दार्जिलिंगजवळ कालिम्पाँग नावाचं डोंगरातलं गाव आहे. चिखलदऱ्यासारखंच, धुक्यातलं. तिथे १९९३ साली एडवर्ड मॅकग्वायर नावाच्या कॅनडातल्या पाद्रींनी गांधी आश्रम नावाची शाळा काढली. मजुरांची, भूमिहीनांची पोरं. शाळेत दुपारचं जेवण आणि प्रत्येकाच्या हातात व्हायोलिन. प्रत्येकाच्या! हुशार म्हणून निवडून घेतलेल्यांच्याच नाही. त्या डोंगरातून मुलं पुढे परदेशी शिकायला गेली, व्यावसायिक वादक झाली. गोव्यात २००९ पासून डॉ. लुईस डायस यांची चाइल्ड्स प्ले ही संस्था गरीब वस्तीतल्या मुलांना असंच एकत्र बसवून वाजवायला शिकवते आहे. व्हेनेझुएलात १९७५ साली होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी अकरा मुलांपासून सुरुवात केली, एका गॅरेजमध्ये. त्या चळवळीतून गुस्ताव्हो दुदामेल आला आणि २००९ साली लॉस एंजेलिस फिलहार्मनिकचा प्रमुख झाला. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी! त्याच जागेवर एके काळी आपले झुबीन मेहता होते.

कुणी म्हणेल, पण हे संगीत आपलं नाही. मी वाद घालणार नाही, एक प्रसंग सांगतो. २०१५ साली उस्ताद झाकिर हुसेन यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी 'पेशकार' नावाची रचना केली. एकीकडे त्यांचा एकट्याचा तबला, दुसरीकडे अख्खा वाद्यवृंद. मुंबईत झाली, पुढे हा वृंद ती इंग्लंडलाही घेऊन गेला. पेशकार हा शब्द तबल्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या काही वर्षांत भेटतो. तोच शब्द घेऊन झाकिरभाई व्हायोलिनच्या रांगांसमोर बसले. संगीत कुणाचं, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नसेल.

आणि आपल्या या मेळघाटात समूहवादन नवीन आहे का? होळीच्या दिवसांत इथल्या कुठल्याही कोरकू आदिवासींच्या गावात जा. ढोल, बासरी, आणि त्यावर एका लयीत पाय टाकणारी गदली-सुसून नाचाची रांग. मी एका गावात पाहिलं. मोठा ढोल एका म्हाताऱ्या बाबाच्या गळ्यात होता, आणि त्याच्या कंबरेला चिकटून सहा-सात वर्षांचा नातू हातात काठी घेऊन आजोबाच्या ढोलाच्या कडेवर टिक टिक करत होता. आजोबाने त्याला हटकलं नाही की शिकवलं नाही. फक्त बाजूला राहू दिलं. मुंबईच्या त्या तालमीत मी जे पाहिलं तेच हे होतं. पेन्सिल तेवढी नव्हती.

हे कान या डोंगरात तयार आहेत. लय रक्तात आहे असं म्हणणं सोपं असतं, मी ते म्हणत नाही. मी म्हणतो, लय शेजारात आहे, अजून आहे. पण शाळा सुटली की हा मुलगा कुठे जातो? परतवाड्याला, अमरावतीला, मग कुठल्या तरी कंपनीत हंगामी कामाला. त्याच्या कानातल्या विद्येला बसायला एकही खुर्ची आपण ठेवलेली नाही. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, ट्रम्पेट वाजवणारी आपल्याकडची पोरं पाहा. ऐकून ऐकून इतकं वाजवतात, आणि लिहिलेला एक स्वर त्यांना कुणी दाखवलेला नाही. लग्नसराई संपली की मजुरी. मला यात त्यांचा दोष कुठेच दिसत नाही. तो आपला आहे, आम्हा शिक्षकांचा, आणि सभागृहात बसलेल्या आम्हा ऐकणाऱ्यांचा.

चिखलदऱ्यात उद्या नव्वद जणांचा वाद्यवृंद उभा राहणार नाही. तसं स्वप्न दाखवायला मी आलेलो नाही. पण आठ मुलं एका रांगेत बसू शकतात. चार व्हायोलिनं, दोन बासऱ्या, एक पेटी, एक ढोल. ढोलवाला बाबा इथलाच असू द्या, आणि त्याला मानधन द्या. फुकट बोलावू नका. मुलांनी त्याच्या बाजूला बसावं. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी अमरावतीहून येईन. माझे दोन जुने विद्यार्थी तिसऱ्या रविवारी येतील. ते दोघं आज इथे मागे बसले आहेत आणि त्यांनी होकार दिलेला आहे. परतवाड्याच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला भाऊही स्वरलिपी शिकायला यायला तयार झाला आहे. शिकला की तोच शिकवेल.

इथल्या शाळेने एक खोली द्यावी, एवढं मुख्याध्यापकांकडे मागतो. ज्यांच्या घरी माळ्यावर जुनं वाद्य पडलंय, तुटकं असलं तरी, ते आणून द्यावं. दुरुस्त मी करून घेईन. आणि गावातल्या व्यापारी मंडळींना विनंती, मुलांच्या येण्याजाण्याचं भाडं आणि दुपारची भाकर तुम्ही उचला. कालिम्पाँगला जेवण आधी होतं, हे विसरू नका.

मंचावर माझ्या खुर्चीशेजारी ही काळी पेटी ठेवली आहे. हिच्यात दोन अर्धी व्हायोलिनं आहेत. ती मी परत नेणार नाही. उद्या सकाळी आठ वाजता याच सभागृहात मी बसलेलो असेन. ज्यांच्या घरी सहा ते नऊ वर्षांचं मूल आहे, त्यांनी त्याला घेऊन यावं. मूल हुशार आहे की नाही ते बघू नका. दुपारच्या एसटीने मला परतवाड्याला उतरायचं आहे, म्हणून जरा वेळेवर या.